पडद्याच्या मधोमधचा काळा ठिपका

पत्र, थोडक्यात: माझा मुलगा १७ वर्षांचा आहे, बारावीत. माझा भाऊ रतलामला रेल्वेत इंजिन चालवतो आणि मुलाला मामासारखंच व्हायचंय. दिवाळीत मामानं त्याला रंग ओळखता येतात का ते बघायचं ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं, तर निम्म्याहून जास्त पानांवर त्याला आकडाच दिसेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी लाल-हिरव्याचा जन्मजात दोष सांगितला, डोळ्याच्या आतल्या पडद्याचे, म्हणजे रेटिनाचे, फोटो काढले आणि बाकी सगळं नॉर्मल आहे म्हणाले. मग कुणाच्या ओळखीनं एका उपचार केंद्रात गेलो. तिथल्या माणसानं त्याच फोटोवर बोट ठेवून दाखवलं, “मधे काळं दिसतंय ना, तिथे रक्तच पोचत नाहीये. नसा मोकळ्या केल्या की रंग दिसतील.” १० बैठका आणि कॅप्सूल मिळून ३८ हजार रुपये. माझ्या वडिलांनाही रंग कळत नसत. गिरणीत होते, बॉबिनवरची चिठ्ठी वाचून सूत ओळखायचे. त्यामुळे सासरी सगळे म्हणतात की हा दोष माझ्या माहेरचा. आता धाकट्या जावेच्या सव्वादोन वर्षांच्या मुलीचे डोळे सारखे हलतात, तर तेही माझ्याच खात्यात. जाऊ सासूबाईंच्या सख्ख्या भावाची मुलगी, तिला कोण बोलणार! परवा रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला गोराकुंडाजवळ नातेवाइकांच्या गच्चीवर गेलो, तर ही पोर दुपारभर आजीच्या पदरात तोंड खुपसून बसली. ऊन उतरल्यावर मात्र गच्चीभर फिरली. तिला गर्दीची भीती वाटते, असं सगळे म्हणाले. फोटो आणि रिपोर्ट सोबत पाठवते आहे. पैसे भरावेत का? मुलाची नजर जाईल का? आणि हे खरंच माझ्यामुळे झालं का?

— एक आई, रामबाग, इंदूर

ताई, सप्रेम नमस्कार.

पैसे भरू नका. भरले असतील तर परत मागा. मुलाची नजर जाणार नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर द्यावं लागेल, ते पुढे देते. पण तुमचं पत्र वाचताना मी थांबले ती गेरच्या ओळींपाशी. तुम्ही त्या सहज लिहून गेलात, आणि माझ्या दृष्टीनं अख्ख्या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं तेच आहे. तुमची सगळी काळजी मुलाभोवती आहे, माझी त्या छोटीभोवती. आधी मुलाचं बघू, म्हणजे तुम्ही शांतपणे पुढचं वाचाल.

तुम्ही पाठवलेला फोटो माझ्यासमोर आहे. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या बारीक रेषांचं जाळं, चारी बाजूंनी मधोमध येणारं. मध्याच्या अलीकडे त्या रेषा एकमेकींना जोडून एक कडं करतात, आणि कड्याच्या आत काहीच नाही, नुसता काळा ठिपका. त्या माणसानं बोट ठेवलं ते इथेच. हा ठिपका माझ्या डोळ्यात आहे, तुमच्या डोळ्यात आहे, आणि बोट ठेवणाऱ्याच्या डोळ्यातही असणार. निरोगी पडद्यात तो असायलाच हवा.

सराफ्यातल्या एखाद्या जुन्या गल्लीत उभं राहून वर बघितलंत तर तारांच्या गुंत्यातून आभाळ तुकड्यातुकड्यानं दिसतं. आपल्या पडद्याची रचनाही थोडी तशीच आहे. रक्तवाहिन्या पडद्याच्या पुढच्या थरांत आणि प्रकाश टिपणाऱ्या पेशी सगळ्यांच्या मागे, त्यामुळे प्रकाशाला त्या जाळ्यातून वाट काढत जावं लागतं. पण ज्या ठिकाणानं आपण सुईत दोरा ओवतो, पेपर वाचतो, समोरच्याचा चेहरा ओळखतो, त्या मध्यबिंदूपुरत्या तारा बाजूला केलेल्या असतात. शिवाय तिथे पुढचे थर बाजूला सरून एक खळगाही तयार झालेला असतो. रक्तवाहिन्या नसलेला हा भाग साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. माणसामाणसांत तो लहान-मोठा असतो आणि त्यात काही बिघडत नाही. तुमच्या मुलाचा अगदी सुरेख, गोल आहे.

मग तिथल्या पेशींना रक्त कुठून मिळतं? मागून. पडद्याच्या पाठीमागे रक्तवाहिन्यांचा एक दाट गालिचा अंथरलेला असतो, आणि शरीरात वजनाच्या मानानं सर्वांत जास्त रक्त जिथे वाहतं अशा जागांपैकी तो एक. प्रकाश टिपणाऱ्या पेशी आपलं पोषण त्यातूनच घेतात. म्हणजे पुढच्या जाळ्यातल्या “नसा मोकळ्या करून” रंगाच्या पेशींना रक्त पोचवायचं, या बोलण्यालाच बूड नाही.

हा फोटो कसा काढतात तेही सांगते, कारण पुढे छोटीच्या बाबतीत ते लागेल. मुलाला हातात सुई टोचली नसेल, रंगाचं औषध दिलं नसेल. यंत्र एकाच जागेवरून प्रकाशाची रेघ पुन्हापुन्हा फिरवतं. पडदा स्थिर असतो, त्यात हलतात फक्त रक्तातल्या पेशी. जिथे दोन फेऱ्यांत फरक पडला तिथे रक्त वाहतंय, असं धरून यंत्र जाळं रेखाटतं. यालाच ओसीटी अँजिओ म्हणतात. नुसत्या ओसीटीत पडद्याचे थर दिसतात, बाकरवडी कापल्यावर दिसतात तसे. तुमच्या मुलाच्या ओसीटीत सगळे थर जागच्या जागी आहेत, मधला खळगा नीट आहे, प्रकाश टिपणाऱ्या पेशींची पांढरी रेघ कुठे तुटलेली नाही. रिपोर्टात रक्तवाहिन्यांच्या घनतेचे टक्केही छापलेत. ते घेऊन बसू नका. यंत्र बदललं, फोटो जरा फिका आला किंवा मुलानं पापणी मिटली, तरी ते आकडे हलतात. त्यांच्यावरून रंगदृष्टीचं निदान कुणी करत नाही.

मग दोष कुठे आहे? एका डोळ्यात सुमारे ६० लाख शंकूपेशी असतात, रंग त्या ओळखतात. सुमारे १२ कोटी दंडपेशी असतात, त्या अंधूक उजेडात काम करतात पण रंग सांगू शकत नाहीत. शंकूपेशी तीन प्रकारच्या, प्रत्येकीत वेगळं रंगद्रव्य, आणि तिघींच्या तुलनेतून मेंदू रंग ठरवतो. लाल बाजूच्या आणि हिरव्या बाजूच्या द्रव्यांची जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारी-शेजारी, जवळजवळ जुळी. इतकी सारखी की बीजपेशी तयार होताना त्यांची अदलाबदल चुकते. एखादं गळतं, किंवा दोघांचं मिळून एक मिश्र जनुक बनतं. तुमच्या मुलाच्या घराण्यात कधीतरी हे झालं. त्याच्याकडे पेशी आहेत, रक्त आहे, मेंदूकडे जाणारी वाट आहे. फक्त दोन प्रकारांतला फरक पुसट झालाय, म्हणून तुलना जमत नाही. बारकाईनं सांगायचं तर, याच दोषाच्या काही विरळ प्रकारांत एकेक शंकूपेशी दाखवणाऱ्या खास कॅमेऱ्यानं पाहिलं की मधेमधे निकामी पेशी आढळतात. पण त्यांचीही नजर तीक्ष्णच असते.

दोष कुठे आहे हे चुकणं जुनंच आहे. जॉन डाल्टन या इंग्लंडच्या शास्त्रज्ञाला हाच दोष होता आणि १७९४ मध्ये त्यानं स्वतःच त्यावर निबंध वाचला. त्याची समजूत अशी की आपल्या डोळ्यातला द्रव निळा असावा. आपण गेल्यावर डोळा उघडून बघा, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. १८४४ मध्ये तो वारला, डोळा तपासला, द्रव पाण्यासारखा स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या त्या डोळ्यातला डीएनए १९९५ मध्ये तपासला तेव्हा कळलं की मधल्या लहरींच्या, म्हणजे हिरव्या बाजूच्या द्रव्याचं जनुकच त्याच्याकडे नव्हतं. १५० वर्षं लागली, पण उत्तर मिळालं. आता कुणी तुम्हाला रक्ताची गोष्ट सांगून ३८ हजार मागावेत, याचा मला मनापासून राग येतो.

मुलाला जग कृष्णधवल दिसत नाही, हे घरात सगळ्यांना सांगा. निळा, पिवळा त्याला छान कळतो. अडतं कुठे, तर पोह्यांवरच्या कोथिंबिरीत डाळिंबाचे दाणे शोधताना, किंवा पिकलेला टोमॅटो कच्च्यातून निवडताना. हा दोष वाढत नाही, दोन्ही डोळ्यांत सारखा असतो. एवढं मात्र ध्यानात ठेवा की पुढे कधी एकाच डोळ्यानं रंग फिके दिसू लागले किंवा आधी दिसणारे रंग बदलले, तर तो हा दोष नव्हे. तेव्हा लगेच डॉक्टर गाठायचा. रंगीत काचेचे महागडे चष्मे मिळतात. त्यांनी काही छटांतला फरक उठून दिसतो, पण नसलेलं द्रव्य काही डोळ्यात येत नाही. माकडांवर २००९ मध्ये जनुकोपचार यशस्वी झाला, माणसांसाठी मात्र या दोषावर अजून असा उपचार उपलब्ध नाही.

इंजिन चालवण्याचं काम त्याला मिळणार नाही. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही, आणि ते मामानंच सांगितलेलं बरं. सिग्नलचा लाल आणि हिरवा अंधारात, लांबून, क्षणात ओळखायचा असतो, तिथे रेल्वे सूट देत नाही आणि देऊही नये. त्याच रेल्वेत कार्यालयीन पदांना रंगाची अट नसते. गाडीचा परवाना मिळू शकतो, सौम्य आणि मध्यम रंगदोष असलेल्यांसाठी केंद्र सरकारनं जून २०२० मध्ये नियम बदलला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला सांगितलं की रंगदोषामुळे कुणालाही अभ्यासक्रमांतून वगळू नका. एक दार बंद झालं म्हणून पोरगं आठ दिवस गप्प बसेल, बसू द्या.

आता “तुमच्या माहेरचं”. मुलाच्या बाबतीत जनुक तुमच्या वडिलांकडून तुमच्यामार्फत आलं, हे खरं. वडील आपलं एकुलतं एक्स प्रत्येक मुलीला देतात, मुलाला देतात ते वाय. म्हणून तुमचा भाऊ इंजिन चालवतोय आणि तुम्ही वाहक आहात. बहीण असेल तर तीही असणारच, तिच्या मुलांना ठिपक्यांचं पुस्तक दाखवायला सांगा. तुमच्याकडे दुसरं एक्स चांगलं आहे, म्हणून तुम्हाला काही जाणवलं नाही. कुठलं एक्स मुलाकडे जाईल हे निम्मं-निम्मं असतं, त्यात तुम्ही काय करणार होतात? दोष आणि अपराध हे दोन शब्द आपल्या घरांत फार पटकन एक होतात. तुमच्या वडिलांनी बॉबिनवरच्या चिठ्ठ्या वाचून उभी हयात गिरणीत काढली. माझ्या मनात त्या माणसाबद्दल आदरच आहे.

छोटीशी मात्र तुमच्या वडिलांचा रक्ताचा काडीचाही संबंध नाही. तिचं जे काही असेल ते तुमच्या माहेरून येऊच शकत नाही. सासरी हे कुणी म्हणालं तर हा परिच्छेद वाचून दाखवा.

तिच्याबद्दल जपून लिहिते, कारण मी तिला पाहिलेलं नाही आणि पत्रावरून निदान करायचं नसतं. पण डोळे सारखे हलणं, उन्हात न उघडणं आणि ऊन उतरल्यावर तेच मूल मोकळेपणी फिरणं, ही तीन लक्षणं एकत्र आली की मला गर्दीची भीती आठवत नाही. त्या दिवशी संध्याकाळी गर्दी थोडीच कमी झाली होती! कमी झाला होता तो उजेड.

शंकूपेशी जन्मापासूनच काम करत नसतील तर असं होतं. मूल दंडपेशींच्या भरवशावर बघतं, आणि त्या भर उन्हात दिपून तेवढ्यापुरत्या निकामी होतात. मध्यबिंदूपाशी फक्त शंकूपेशी असतात, तिथून काहीच उमटत नाही, म्हणून डोळा नजर टेकवायला जागा शोधत हलत राहतो. याला पूर्ण रंगांधत्व म्हणतात. नाव तुमच्या मुलाच्या दोषासारखं, आजार मात्र अगदी वेगळा. यात रंग जवळजवळ नसतातच, आणि नजरही सहसा ६/६० च्या आसपास असते, म्हणजे इतरांना ६० मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसतं. जिथे तुमच्या मुलाचा पडदा निर्दोष आहे, तिथे यात पडद्याची घडणच बदललेली दिसू शकते. ओसीटीत प्रकाश टिपणाऱ्या पेशींची पांढरी रेघ मधे तुटते, कधी तिथे रिकामी पोकळी दिसते. बऱ्याच मुलांत तो खळगा पुरता खोलगट झालेलाच नसतो. आणि खळगा नीट घडला नाही की रक्तवाहिन्यांचं जाळंही मधून पुरतं मागे राहिलेलं नसतं. काळा ठिपका लहान असतो, कधी नसतोच. ताई, तुम्हाला ज्या ठिपक्याची भीती घातली, तो छोटीच्या फोटोत दिसला तर मला आनंदच होईल.

पण ठिपका नाही म्हणून लगेच हेच निदान, असंही नाही. त्वचेत आणि डोळ्यांत रंगद्रव्य कमी असणाऱ्या मुलांतही तो नसतो, आणि तीही उन्हात डोळे मिटतात. शिवाय हलणाऱ्या डोळ्याचा अँजिओ फोटो फाटल्यासारखा, रेघारेघांचा येतो, त्यावर विसंबता येत नाही. म्हणून तिच्यासाठी खरी तपासणी ईआरजीची. डोळ्याला प्रकाशाचे झोत दाखवून पडद्यातून किती वीज उठते ते मोजतात. सेकंदाला ३० वेळा लुकलुकणारा दिवा फक्त शंकूपेशींना झेपतो. त्याला उत्तर आलं नाही आणि अंधारातल्या झोताला आलं, की दंडपेशी जाग्या आहेत, शंकूपेशी नाहीत. मग रक्तातून जनुकांची तपासणी. या आजाराचे बहुतेक रुग्ण दोन जनुकांतल्या बदलांमुळे असतात, एक २ क्रमांकाच्या गुणसूत्रावर, दुसरं ८ क्रमांकाच्या. दोन्ही शंकूपेशींच्या भिंतीतल्या एकाच दाराचे भाग घडवतात. प्रकाश पडला की हे दार मिटायला हवं, त्यावरच पेशीचा निरोप ठरतो.

हा आजार व्हायला आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत यावी लागते. दोघं स्वतः ठणठणीत असतात, त्यांना पत्ताही नसतो. एकाच आजी-आजोबांची नातवंडं एकमेकांशी लग्न करतात तेव्हा तीच प्रत दोघांकडे असण्याचा संभव वाढतो, आणि तुमचे दीर-जाऊ मामेबहीण-आतेभाऊ आहेत. हे मी बोट आता दुसरीकडे फिरवावं म्हणून लिहीत नाही. नात्याबाहेरच्या लग्नातही हे होतं, आणि मामाची मुलगी करणं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, त्यात कुणी गुन्हा केलेला नाही. पण निदान हेच निघालं तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असेल. ती माहिती जावेला मिळायला हवी, आणि ती तिला डॉक्टरांनीच, एकांतात सांगायला हवी. सासूबाईंच्या समोर नको.

नोकरीच्या पहिल्या वर्षी अशीच एक मुलगी माझ्याकडे आली होती. मी टॉर्च मारला, तिनं डोळे घट्ट मिटले, आणि मी आईला सांगितलं, “लहान आहे, हट्टी आहे, शाळेत जायला लागली की बघू.” ती परत आली तेव्हा आठ वर्षांची होती. तीन वर्षं खिडकीशेजारच्या बाकावर बसून मठ्ठ म्हणून मार खाल्लेला. गडद लालसर काचेचा चष्मा दिला, बाक बदलायला लावला. आठवड्यानं आई सांगत आली की पोरगी फळा वाचत नाही, पण फळ्याकडे बघते. ती तीन वर्षं मला अजून सलतात. म्हणून “मोठी झाली की बघू” हे वाक्य तुमच्या घरात कुणी म्हणालं, तर ऐकू नका.

शंकूपेशी परत चालू करणारं औषध आज नाही. जनुकोपचाराच्या चाचण्या चालू आहेत आणि अजून त्या चाचण्याच आहेत. पण लाल काचेनं दंडपेशी दिपत नाहीत, हे आजच मिळण्यासारखं आहे. चष्म्याचा नंबर असतोच, बहुधा प्लसचा, तोही लवकर लागलेला बरा. निदान पक्कं झालं तर २०१६ च्या दिव्यांग कायद्याखाली अल्पदृष्टीच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येईल, शाळेत मोठ्या अक्षरांची आणि जास्त वेळेची सोय त्यातून मिळते. बहुतेक मुलांची नजर आहे त्याच्या आसपासच राहते, ती आंधळी होत नाहीत, हे जावेला पहिल्या दिवशीच सांगा.

आधी इंदुरातच लहान मुलांच्या डोळ्यांचे किंवा रेटिनाचे तज्ज्ञ गाठा. इथे ईआरजी किंवा जनुकांचं जमलं नाही तर हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद किंवा चेन्नईचं शंकर नेत्रालय, दोन्हीकडे आनुवंशिक नेत्रविकारांची तपासणी होते. केंद्रात भरायचे ते पैसे या प्रवासाला कामी येतील. जायच्या आधी मोबाइलवर तिच्या डोळ्यांचे दोन व्हिडिओ करून ठेवा, एक सकाळी अंगणातल्या उन्हात, दुसरा दिवेलागणीला घरात, प्रत्येकी अर्धा मिनिट. दवाखान्यात मुलं रडतात आणि डॉक्टरला हवं ते दिसत नाही, व्हिडिओत दिसतं. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालतील, त्यानंतर घरी परततानाचं ऊन तिला फार टोचेल. रिक्षात बसताना मोठ्या काठाची टोपी बरोबर असू द्या, आणि भेटीची वेळ शक्यतो संध्याकाळची मागा.